खोक्यावरचं वय आणि तीन किलोचं बाळ

जांबोटी भागात माहेरी बाळंतपणाला आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. बाळ चोवीस दिवसांचं, मुलगी, पहिलीच, सिझेरियनने झालेली. जन्माच्या वेळी वजन पावणेतीन किलो होतं, एकविसाव्या दिवशी आशाताईंनी घरी येऊन मोजलं तेव्हा तीन किलो भरलं. दिवेलागणीला सुरू झालेलं रडणं दहा वाजेपर्यंत थांबत नाही आणि खाली ठेवलं की पुन्हा सुरू. पुण्याहून नवऱ्याने एका मऊ, बकलाच्या बेबी कॅरियरचा, म्हणजे बाळ छातीशी बांधून घ्यायच्या साधनाचा, फोटो पाठवलाय. खोक्यावर ‘नवजात ते तीन वर्षं’ असं छापलंय. आईचं म्हणणं, ‘मान धरल्याबिगर तसलं काय बी बांधूचं न्हाय.’ दीड महिन्याची लस टोचायला स्कूटरवरून जाताना तो घालता येईल का, हेही त्यांनी विचारलंय.

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. तो कॅरियर आत्ता मागवू नका. पहिले तीन-चार महिने कापडाचा कॅरियर घ्या, म्हणजे लांब होजिअरीचा पट्टा किंवा दोन कड्यांची स्लिंग (एका खांद्यावरून घेऊन कड्यांत अडकवायचं कापड). बकलाचा घ्यायचाच असेल तर मूल चार-पाच महिन्यांचं झाल्यावर, त्याला घालून बघून घ्या. स्कूटरवर मात्र दोन्ही नकोत.

मी बरीच वर्षं नवजात बाळांच्या विभागात परिचारिका होते, आता बाळंतिणींना दूध पाजण्याचं आणि बाळ हाताळण्याचं शिकवते. बेळगावात, खानापुरात, निपाणीकडेही हा प्रश्न हल्ली दर दुसऱ्या घरात येतो. बहुतेकदा वस्तू आधी घरात आलेली असते आणि बाळ तिच्यात बसत नाही म्हणून मला बोलावतात.

खोक्याच्या दर्शनी बाजूला वय असतं. आपल्याला हवं ते मागच्या बाजूला किंवा आतल्या शिवलेल्या पट्टीवर बारीक अक्षरांत असतं, ते म्हणजे कमीत कमी वजन. बकलाच्या बहुतेक कॅरियरमध्ये हा आकडा ३.२ किंवा ३.५ किलो असतो. युरोप-अमेरिकेत पूर्ण दिवसांचं बाळ साडेतीन किलोच्या आसपास जन्मतं, त्यामुळे तिथे ‘नवजात’ लिहिलेलं चालून जातं. आपल्याकडे अडीच ते तीन किलोचं बाळ अगदी धडधाकट असतं, पण या पट्टीत ते बसत नाही. तुमच्या तायी कार्डावर, म्हणजे आई-बाळाच्या सरकारी नोंदकार्डावर, आशाताई वजन लिहितात ना, तो आकडा आणि खोक्यामागचा आकडा शेजारी ठेवून बघा. या वयात दूध नीट मिळत असेल तर बाळ दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढतं. म्हणजे तुमची लेक ३.५ किलोला पोचायला अजून दोन-अडीच आठवडे लागतील.

तुम्ही म्हणाल, मग अडीच आठवडे थांबते. थांबा, पण वजन झालं म्हणजे सगळं झालं असं नाही. मोठ्या मापाच्या कॅरियरमध्ये बाळाची बैठक त्याच्या गुडघ्यांच्याही पुढे जाते. पाय तिथे ताणले जातात किंवा आत दुमडून अडकतात आणि अंग खाली घसरतं. घसरलं की हनुवटी छातीला टेकते. सगळा धोका तिथे आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

तुमच्या आईची भीती खरी आहे, फक्त दिशा वेगळी आहे. मान मागे लटकेल म्हणून त्या घाबरतात. तसं झालं तर निदान दिसतं तरी, बघणारा कोणीही लगेच हात लावतो. मान पुढे झुकते ते कोणाला दिसत नाही. एवढ्या लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते, आणि मान उचलून स्वतःची सुटका करून घेण्याची ताकद नसते. हनुवटी छातीवर दाबली गेली की श्वासाची वाट आवळते. त्यात आवाज होत नाही, बाळ रडत नाही. घरच्यांना वाटतं, चला, झोपली एकदाची. अमेरिकेच्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्याआधीच्या वीस वर्षांत स्लिंगमध्ये किमान १४ बाळं दगावल्याची त्यांच्याकडे नोंद होती, आणि त्यांतली १२ चार महिन्यांच्या आतली होती. त्या वेळी ज्यावरून विशेष बोभाटा झाला त्या पिशवीच्या आकाराच्या, बाळाला आडवं निजवायच्या स्लिंग होत्या. अजूनही तशा मिळतात, ‘पाळण्यासारखं’ म्हणून विकतात. घेऊ नका. तीन-चार महिन्यांच्या आत बाळ उभंच, छातीला छाती लावून हवं. (तुळईला बांधलेली साडीची झोळी हा वेगळा विषय आहे, पण त्यातही अंग मुडपून हनुवटी टेकते, तेव्हा ‘आमची पोरं झोळीतच वाढली’ हे ऐकून घ्यावं आणि झोळीत टाकलेल्या तान्ह्याला नजरेआड करू नये.)

बांधल्यावर तपासायचं कसं? बाळाच्या हनुवटीखाली तुमची दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मान खाली न वाकवता, फक्त ओठ पुढे केले की बाळाच्या टाळूचा मुका घेता आला पाहिजे. नाही आला तर बाळ फार खाली बांधलंय. तोंड आणि नाक कायम दिसलं पाहिजे, त्यावर पदर, ओढणी, टोपडं काहीही नको. आणि कापड घट्ट हवं. नव्या आयांची इथेच गल्लत होते. बाळाला आवळू नये म्हणून त्या सैल बांधतात, आणि सैल कापडातच बाळ खाली सरकून गोळा होतं. बांधून झालं की त्याच्या पाठीवर हात ठेवून हलकेच तुमच्याकडे दाबा. बाळ सरळ होऊन पुढे सरकलं तर मघाशी ते पोक काढून बसलं होतं. सोडा आणि पुन्हा बांधा.

आता पाय. मांड्या दोन्ही बाजूंना फाकलेल्या, गुडघे ढुंगणापेक्षा वर, बेडूक बसतो तशी बैठक हवी. या वयात खुब्याची वाटी अजून पक्की झालेली नसते आणि मांडीच्या हाडाचा गोळा या बैठकीत वाटीत नीट राहतो. पाय सरळ लोंबकळत ठेवणारे, मांड्यांच्या मध्ये चिंचोळी पट्टी असलेले कॅरियर मला म्हणून नकोत. ‘चारमध्ये एक’, ‘सहामध्ये एक’ म्हणून बाजारात जे स्वस्तात टांगलेले असतात, त्यांतले बरेच याच घाटणीचे. आंतरराष्ट्रीय खुबा संस्थेची शिफारसही हीच आहे की पहिले सहा महिने तरी बाळ आईकडे तोंड करून, या बैठकीत असावं. बाहेर तोंड करून बसवण्याचा फोटो खोक्यावर कितीही गोंडस दिसो, तुमच्या लेकीसाठी तो प्रकार अजून खूप लांब आहे.

खुब्याचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडच्या एका सवयीबद्दल बोलते. न्हाऊ-माखू घालणारी बाई अंघोळ झाली की बाळाचे दोन्ही पाय ताणून, सरळ जुळवून दुपट्यात गच्च गुंडाळते. पाय वाकडे राहू नयेत हा हेतू. जपानमध्येही तान्ह्या बाळाचे पाय सरळ ठेवून गुंडाळत. १९७५च्या सुमारास तिथे देशभर मोहीम काढून ते बंद केलं, तेव्हा खुबा निखळण्याचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. दुपट्यात गुंडाळायला हरकत नाही, पण कमरेखाली सैल, पाय दुमडून हलवता येतील असं. पहिलटकरणीचं बाळ, मुलगी, पायाळू जन्मलेलं, घरात कोणाला खुब्याचा त्रास असलेला, अशांना धोका जास्त. तुमची लेक यांतल्या दोन गटांत बसते. पायाळूही असेल तर सहा आठवड्यांच्या सुमारास खुब्याची सोनोग्राफी करायची का, हे बालरोगतज्ज्ञांना नक्की विचारा.

कापडाच्या दोन प्रकारांपैकी तुमच्यासाठी मला होजिअरीचा लांब पट्टा बरा वाटतो. साधारण पाच मीटर लांब, हाताने ताणलं की थोडं ताणणारं, सुती विणीचं कापड, ना बकल ना कडी. तीन किलोच्या बाळाला ते अंगासरशी धरतं, माप लहानमोठं करायचा प्रश्नच नाही. आठ-नऊ किलोनंतर ते खाली लोंबायला लागतं, पण तोवर तुमचं काम झालेलं असेल. शिकायला दोन-तीन दिवस जातात. आधी बाळाशिवाय, मग उशी घेऊन, मग पलंगाच्या कडेला उभं राहून बाळ घेऊन सराव करा. बाळाचं पोट भरलेलं आणि चित्त थाऱ्यावर असताना. दिवेलागणीच्या रडारडीत पहिला प्रयोग केला तर तुम्हीही रडाल.

बांधायचं असं. पट्ट्याचा मध्य छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागावर धरा. दोन्ही टोकं पाठीमागे न्या, पाठीवर फुली करा, खांद्यांवरून पुढे आणा आणि पोटावरच्या आडव्या पट्टीच्या आतून खाली ओढा. पुढे पुन्हा फुली, टोकं मागे, आणि उरलं ते फिरवून कुशीला गाठ. हे सगळं बाळ घेण्याआधी, आणि अंगाला नेसूची साडी बसते तेवढं घट्ट. मग बाळाला खांद्यावर उभं घ्या, आतल्या पट्टीतून एक पाय, दुसऱ्या पट्टीतून दुसरा. प्रत्येक पट्टी एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागपर्यंत आणि खांद्यापर्यंत पसरा. शेवटी पोटावरची आडवी पट्टी वर ओढून बाळाच्या ढुंगणापासून मानेपर्यंत घ्या. बाळाच्या पाठीवर तीन थर झाले पाहिजेत. ताणणाऱ्या कापडात दोन थरांवर भागवू नका, बाळ पाठीमागे झुकलं की ते सरकतं. मानेच्या मागे कापडाची कड कानाच्या पाळीपर्यंत असावी, डोक्यावरून ओढून घेऊ नये. बाळ आत असेपर्यंत, विशेषतः खाली वाकताना, एक हात त्याच्या पाठीवर, आणि वाकायचं ते गुडघ्यात.

दोन कड्यांची स्लिंग बांधायला सोपी, पटकन घालता-काढता येते, आणि आपल्या पावसात तिचा मोठा फायदा आहे. जांबोटी-कणकुंबीकडे आषाढात होजिअरीचं पाच मीटर कापड दोन दिवस वाळत नाही आणि बाळ तर दिवसातून एकदा त्यावर दूध काढणारच. दोन-सव्वादोन मीटरची स्लिंग चुलीपाशी रात्रीत वाळते. पण सगळा भार एका खांद्यावर येतो, आणि टाके ताजे असताना पाठीचं दुखणं तुम्हाला परवडणार नाही. घेतलीत तर कडी ॲल्युमिनियमची, सांधा नसलेली हवी; बोट फिरवून बघा, कुठे जोड लागतो का. प्लास्टिकची कडी किंवा पडद्याची कडी घरी लावून शिवू नका.

साडीचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आई विचारतीलच. सहावारी सुती साडी साडेपाच मीटरच्या आसपास असते, म्हणजे लांबी पुरते. नीट बांधणारं कोणी शिकवायला असेल तर सुती साडी चांगली चालते. मात्र झिरझिरीत झालेली जुनी साडी नको. उजेडासमोर धरा, विरलेली जागा लगेच दिसते. जरीचा काठ बाळाच्या मांडीला ओरखडतो. रेशीम, नायलॉन, जॉर्जेट यांची गाठ सरकते. शहापूर-वडगावच्या मागावरचं कापड आणणार असाल तर ‘सुती आहे’ या शब्दावर न जाता कडेचा एक धागा काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून टणक गोळी होते. पॉलिस्टरमध्ये बाळाला घामोळं येतं. आणि कोणतंही कापड घेतलंत तरी तो कपड्याचा एक जादा थर आहे हे धरा. आत कुंची, स्वेटर, मोजे, वरून शाल, आणि खोलीत शेगडी, असं चालू असतं आपल्याकडे. तळहात-तळपाय गार लागले म्हणून कपडे चढवू नका. मानेच्या मागे बोट लावा, तिथे घाम असेल तर एक कपडा काढा.

सिझेरियनबद्दल. बकलाच्या कॅरियरचा कमरपट्टा नेमका टाक्यांवर येतो, हे त्याला सहा आठवडे तरी नाही म्हणण्याचं आणखी एक कारण. लांब पट्टा टाक्यांच्या बराच वर बांधला जातो, गाठही कुशीला येते. तरी डॉक्टरांनी तपासल्याशिवाय बाळ बांधून हिंडू नका, बसून किंवा घरातल्या घरात थोडं थोडं करा. तोवर हे काम दुसऱ्या कोणी करावं. नवरा रविवारी आला की त्याला बांधा. आईलाही बांधायला शिकवा. मान कशी धरली जाते ते त्यांच्या स्वतःच्या छातीवर दिसलं की त्यांचा विरोध बहुधा मावळतो.

रडण्याला याचा खरंच उपयोग होतो का? होतो. कॅनडात १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रडायची वाट न बघता रोज काही तास जादा उचलून घेतलेली बाळं सहा आठवड्यांच्या वयात ४३ टक्के कमी रडली. म्हणजे दिवेलागणीला रडायला लागल्यावर बांधण्यापेक्षा साडेपाचलाच बांधून घरात फिरा. ‘उचलायची सवय लागेल’ असं शेजारची कोणी म्हणेल. चोवीस दिवसांच्या बाळाला तसली सवय लागत नाही.

दूध मात्र कॅरियरमध्ये पाजू नका, निदान चार महिने. पाजायला बाळ खाली घ्यावं लागतं, कापड सैल करावं लागतं, आणि नाक स्तनात दबलं तर हात मोकळे ठेवून हिंडणाऱ्या आईला ते कळत नाही. बाहेर काढा, बसून पाजा, ढेकर काढा, मग पुन्हा बांधा. बाळाला पडसं होऊन नाक चोंदलं असेल, ताप असेल, दूध ओढत नसेल, श्वास भराभर चालत असेल, तर बांधायचंच नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. पुढे बाळ बांधून चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभं राहायचं नाही, चहाचा कपही हातात नको. आणि हे वाचणाऱ्या ज्यांचं बाळ ३७ आठवड्यांच्या आधी किंवा अडीच किलोच्या आत जन्मलंय, त्यांनी वरचं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. तशा बाळासाठी उघड्या छातीला उघडं बाळ लावायची कांगारू पद्धत आहे. ती दवाखान्यातल्या सिस्टरकडून हाताने शिकून घ्यायची, वाचून नाही.

राहिली स्कूटर. कोणताही बेबी कॅरियर हे वाहनातलं सुरक्षेचं साधन नाही, कारमध्येही नाही. पुढे बांधलेलं बाळ घेऊन तुम्ही मागे बसलात आणि गाडी घसरली, तर तुमच्या अंगाचा सगळा भार आधी त्याच्यावर येतो. केंद्र सरकारचा नियम, १५ फेब्रुवारी २०२२ ला अधिसूचित झालेला, चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर चालकाशी बांधायचा खास हार्नेस, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा सांगतो. दीड महिन्याच्या बाळाच्या डोक्यात हेल्मेट घालता येत नाही, म्हणजेच त्याला दुचाकीवर न्यायचं नाही. लस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, खानापूर-बेळगावला जायची गरज नाही. जायचंच झालं तर बस किंवा ओळखीची रिक्षा. बसमध्ये बसायला जागा मिळवा, बाळ बांधलेलं असू दे, एक हात त्याच्या डोक्यामागे आणि एक समोरच्या दांडीला. पावसात छत्री धरा. रेनकोटच्या आत बाळ झाकून घेऊ नका, प्लास्टिकखाली नाक दिसत नाही आणि हवाही खेळत नाही. लस टोचल्यावर घरी येताना मांडीकडे लक्ष ठेवा. दीड महिन्याच्या सुया दोन्ही मांड्यांत असतात, तिथे कापडाची कड रुतू देऊ नका. दुपारपर्यंत बाळ फार चिरचिर करत असेल तर त्या दिवशी हातावरच घ्या.

चार-पाच महिन्यांनी, मान पक्की धरल्यावर, बकलाचा घ्याल तेव्हा बैठकीची रुंदी कमी-जास्त करता येते का ते बघा, म्हणजे तोच पुढे दीड-दोन वर्षं पुरेल. खांद्याचे पट्टे जाड, कमरपट्टा रुंद, बकल एका हाताने चुकून उघडणार नाही असं, पाठीला सुती कापड किंवा जाळी. शिवणीवर बोट ओढा, सुटा धागा निघाला तर वस्तू परत. लेबलवर युरोपचं ईएन १३२०९-२ किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ२२३६ हे मानक लिहिलेलं असेल तर चांगलं, पण त्याने माप बसतं असा अर्थ होत नाही. माप बाळाला घालूनच कळतं. नवऱ्याची ऑर्डर आधीच गेली असेल तर भांडू नका. खोकं आलं की मागचा वजनाचा आकडा बघा, परत करायची मुदत बघा आणि त्या मुदतीत परत पाठवा. त्याच पैशात होजिअरीचे दोन पट्टे येतील, एक अंगावर आणि एक दोरीवर.